दादाच्या लॅपटॉपमधलं मशीन

८ सप्टेंबर, सोमवार

व्हर्च्युअल मशीन! नाव केवढं मोठं, आणि काम काय — आपल्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा एक खोटा कॉम्प्युटर बसवायचा. त्यात लिनक्स टाकायचं आणि या सेमिस्टरची सगळी प्रॅक्टिकल्स त्या खोट्यातच करायची. भाग्येश सर म्हणाले, 'याचा फायदा असा, की आत कितीही मोडतोड करा, बाहेरच्याला धक्का लागत नाही.' सबमिशन २७ तारखेला. आपापल्या लॅपटॉपवर चालवून दाखवायचं. पालघरच्या आमच्या लॅबमधले कॉम्प्युटर स्वतःच धापा टाकत चालतात, ते आणखी कोणाला पोटात घेणार! ज्याचं सबमिशन नाही, त्याला प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देणार नाहीत.

आपापला लॅपटॉप म्हणे. माझा आपापला लॅपटॉप म्हणजे दादाचा.

दादा जाऊन सव्वा वर्ष झालं. चिल्हार रस्त्यावर, पहिल्या पाळीला निघाला होता, टँकरने उडवलं. त्याचा फोनही त्याच्याबरोबरच चुरा झाला. लॅपटॉप तेवढा घरी होता म्हणून राहिला. दादाचं जे काही उरलंय ते त्याच्यात आहे. मामेबहिणीच्या हळदीतला नाच, केळव्याच्या समुद्रावरचे मित्रांबरोबरचे व्हिडिओ, आणि तो एक, ज्यात आई भाकरी थापतेय आणि हा मागून तिची मुलाखत घेतोय — 'मॅडम, आपल्या यशाचं रहस्य काय?' आई म्हणते, 'मर मेल्या, तवा तापलाय.' ते 'मर मेल्या' आलं की आई प्रत्येक वेळी तोंडावर पदर धरते. तरी दर रविवारी जेवणं झाली की म्हणते, 'लाव गं.' मी लावते.

बाबा तेव्हा उठून बाहेर जातात. दर वेळी. ऊन असो, पाऊस असो. एकदा म्हणाले होते, 'कशाला तेच तेच.' मुलगा आहे तो तुमचा, तेच तेच काय! दगड आहेत नुसते.

सगळं पेन ड्राइव्हवर काढून ठेवायचं कधीपासून ठरवतेय. आता हे सबमिशन झालं की नक्की.

९ सप्टेंबर

प्रोग्राम उतरवला. चालवला. एरर! हे बंद आहे, ते चालू करा. वर्गातल्या सपनाचं पहिल्या फटक्यात झालं. ती उमरोळीच्या पलीकडच्या पाड्यावरची, तिथे लाइट असतानाच लॅपटॉप चार्ज करून ठेवावा लागतो, आणि झालं कोणाचं? तिचं. माझ्याकडे बघून हसत होती. 'तुला काय येत नाय,' म्हणे. उद्या बघते.

१० सप्टेंबर

यूट्यूबवरच्या माणसाने सांगितलं, मशीन सुरू होताना आतल्या सेटिंगमध्ये जा आणि व्हर्च्युअलायझेशन चालू करा. केलं. मग म्हणाला, सिक्युअर बूट बंद करा. केलं. मग काळ्या पडद्यावर इंग्रजीत लांबलचक काहीतरी आलं आणि खाली विचारलं — वाय की एन? मी वाचलं नाही. वाय दाबलं. मोबाइलवर काहीही विचारलं की आपण 'अलाऊ, अलाऊ' करत सुटतो ना, तसंच.

आता निळा पडदा आलाय. रिकव्हरी की टाका म्हणतोय. भला मोठा आकडा टाकायला जागा दिलीय. कसली की? मला कोणी दिली कधी?

पुन्हा सगळं होतं तसं करून बघितलं. निळाच.

११ सप्टेंबर

सरांनी लॅपटॉप बघितला आणि डोक्याला हात लावला. म्हणाले, 'अगं, वाय कशाला दाबलंस?'

त्यांनी जे सांगितलं ते असं — या लॅपटॉपला आतून कुलूप होतंच, पहिल्या दिवसापासून. किल्ली दारालाच अडकवलेली होती म्हणून कोणाला कुलूप दिसलं नाही. मी वाय दाबून ती किल्ली पुसून टाकली. दुसरी किल्ली आहे, पण ती ज्याच्या नावाने लॅपटॉप चालू केला, त्याच्या ऑनलाइन अकाउंटमध्ये.

'कोणाचं अकाउंट आहे?'

'भावाचं.'

'मग विचार भावाला. एवढं तोंड काय पाडतेस!'

सपनाच बोलली, 'सर, तिचा भाऊ वारला.' सरांनी पंख्याकडे बघितलं. चांगले आहेत तसे. मग हळूच म्हणाले, 'मग फॉरमॅट मार. कोरं होईल, मस्त चालेल. तासाभरात तुझं व्हर्च्युअल मशीन उभं राहील.'

कोरं होईल! मी लॅपटॉप बॅगेत टाकला आणि निघाले.

येताना सपना म्हणाली, 'माझ्या लॅपटॉपवर कर, तुझं नाव टाक.' चालणार नाही. सर कोणाचं मशीन आहे ते आधी बघतात. आणि मुद्दा सबमिशनचा नाहीच.

१३ सप्टेंबर

त्याच्या अकाउंटला सुचतील ते सगळे पासवर्ड टाकून बघितले. आईचं नाव, गाडीचा नंबर, माझं नाव. माझं नाव टाकताना वाटलं होतं की उघडेल. नाही उघडलं.

१४ सप्टेंबर, रविवार

जेवणं झाली. आईने हात पुसले, भिंतीला टेकून बसली. 'लाव गं.'

'आई, चार्जर बिघडलाय.'

कसं पटकन आलं तोंडातून! आई म्हणाली, 'बरं.' आणि तशीच बसून राहिली, भिंतीला टेकून. बाबा सवयीने उठून चप्पल घालत होते. ते दारातच थांबले, मग जायचं की बसायचं ते कळेना, म्हणून शेवटी गेलेच. एमआयडीसीकडून तो घाण वास येत होता, तरी बाहेर ओट्यावर बसून राहिले.

आईला खरं सांगितलं तर ती मला काहीच बोलणार नाही. बोलणार नाही म्हणूनच सांगता येत नाही.

१६ सप्टेंबर

दादाचा पक्ष. पहिल्यांदाच घातला. बाबांनी सुट्टी टाकली होती. गच्चीवर पान ठेवून आले आणि तिथेच बराच वेळ उभे होते म्हणे. शेजारच्या मावशी सांगत होत्या. खाली आले तेव्हा चेहऱ्यावर काही नाही. जेवले, झोपले. त्यांच्या कारखान्यातला रंग अंगात एवढा मुरलाय की घामाने उशी पिवळी होते. उशा रंगवतात आणि झोपतात, एवढंच येतं त्यांना.

जालन्याहून आत्याचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाली, 'अक्षयचा तो नाचाचा लाव ना, पोरं बघायची म्हणतेत.' आई म्हणाली, 'चार्जर बिघडलाय म्हणे.'

तिचं ते 'म्हणे' मला दिवसभर टोचतंय.

१७ सप्टेंबर

वाट सापडली! अकाउंटचा पासवर्ड विसरलो असं सांगितलं की ते मोबाइलवर कोड पाठवतात. शेवटचे दोन आकडे दाखवतात. ते दादाच्याच नंबरचे आहेत. पण दादाचा नंबर आहे कुठे? सिम तर तेव्हाच गेलं. रिचार्ज कोणी केला नाही. मेलेल्या माणसाचा रिचार्ज कोण करतं?

माझ्या फोनमध्ये अजून 'दादा' म्हणूनच आहे. नुसतं बघावं म्हणून लावला.

रिंग गेली!!

मग कोणीतरी बोललं, 'हॅलो? कौन?' मी कट केला आणि मोरीत जाऊन रडले.

१८ सप्टेंबर

कंपनीने नंबर दुसऱ्याला देऊन टाकलाय. सपना म्हणाली, 'मंग सोप्पं हाय ना. त्याला कोड विचार.'

फोन केला. सगळं नीट सांगितलं — भाऊ, अपघात, लॅपटॉप, तुमच्या फोनवर एक कोड येईल तो फक्त वाचून दाखवा. त्याने सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, 'मैडम, भाई मर गया, ओटीपी दे दो — यही बोलके हमारे रूमवाले का खाता साफ किया था. हमको मत सिखाइए.' आणि ठेवला.

पुन्हा लावला तर लागेना. ब्लॉक केलं मला. दादाच्या नंबराने मला ब्लॉक केलं.

रडू की हसू! त्या माणसाचं चुकलं कुठे? मी असते तर मीही हेच केलं असतं.

२१ सप्टेंबर, रविवार

आज कहर झाला. आई शेजाऱ्यांकडून चार्जर मागून घेऊन आली! मी नको नको म्हणेपर्यंत तिने पिन लावली, बटण दाबलं. निळा पडदा.

'हे काय गं निळं?'

'बिघडलंय.'

'चार्जर बिघडला म्हणलीस ना?'

'दोन्ही बिघडलंय!'

बाबा दारात होते. म्हणाले, 'दुकानात दाखवावं का?' आणि मी त्यांच्यावर उसळले. 'तुम्ही यात पडू नका. तुम्हाला कळतं का यातलं काही?' बाबांनी चप्पल घातली, गेले.

आई पडद्यावरून हात फिरवत होती, ताप बघतात तसा. म्हणाली, 'आत हाय ना पण तो?'

आहे, म्हटलं. आत आहे.

२३ सप्टेंबर

कॉलेजातून बाबांना फोन गेला. सबमिशन राहिलेल्यांच्या घरी केलेत म्हणे, कुठलं मशीन राहिलंय तेही सांगून. रात्री जेवताना बाबांनी विचारलं, 'शनवारपर्यंत नाही दिलं तर काय व्हतं?'

'परीक्षेला बसू देत नाहीत. वर्ष जातं.'

'मग?'

'मी करतेय ना काहीतरी!'

बाबा भाकरी मोडत राहिले. दादाला पुढे शिकायचं होतं, आणि बाबांनीच त्याला त्या कारखान्याच्या ऑफिसात चिकटवला. 'रूपीला शिकू दे,' असं दादाच म्हणाला होता तेव्हा. हे मला आईने सांगितलंय. बाबांनी कधी नाही.

वर्ष गेलं तर जाऊ दे. मी फॉरमॅट मारणार नाही.

२४ सप्टेंबर

सपनाने तिच्या फोनवरून त्या माणसाला गाठला. तिचं हिंदी म्हणजे देवाची करणी. 'भैया, हम फोनपे कोड नाय मांगता. हम तुमारे सामने आके बैठता हाय. तुम हमारा कॉलेजका कारड देखो, भाईका कागद देखो, मंग दो. नाय तो मत दो.' तिच्या त्या हिंदीनेच बहुतेक त्याला खात्री पटली. चोर इतकं वाईट बोलत नाहीत!

नाव संजीत. तारापूरच्या एका कपडे रंगवायच्या कारखान्यात आहे. म्हणजे एवढे दिवस इथेच, दोन-तीन किलोमीटरवर होता. शुक्रवारी त्याला सुट्टी.

२५ सप्टेंबर

उद्या.

आईला सांगायचं होतं, पण नाही सांगितलं. एकदम लावूनच दाखवीन. रविवारची वाटसुद्धा बघणार नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सगळं लिहून काढते, नाहीतर झोप येणार नाही. तशीही येणार नाही.

मी आणि सपना नवापूर नाक्याजवळच्या चहाच्या टपरीवर गेलो. संजीत माझ्याच वयाचा निघाला. बरोबर साक्षीला त्याचा रूमवाला. दोघांच्या नखांत निळा रंग. मी दादाचा मृत्यूचा दाखला, आधार, सगळं पुढे ठेवलं. त्याने दाखला वाचला नाही, आधारवरचा फोटो मात्र खूप वेळ बघितला. मग म्हणाला, 'इनके नाम से फोन आता था. बैंकवाले. और एक लड़की. दो-तीन बार आया उसका. हम बोले रॉन्ग नंबर है, तो वो रोने लगी.'

मुलगी! कोण? दादा कधी बोलला नाही. तिला सांगितलं तरी असेल का कोणी? म्हटलं, लॅपटॉप उघडला की शोधीन तिला. तिचा एखादा फोटो तरी असेलच आत.

कोड आला. त्याने एक एक आकडा वाचला, मी टाकला. दुसरा कोड आला, तोही टाकला. आणि माझ्या मोबाइलवर दादाचं अकाउंट उघडलं. अक्षय, असं वर लिहिलेलं. खाली त्याच्या लॅपटॉपचं नाव, आणि त्याच्यापुढे तो भला मोठा आकडा. किल्ली! सपनाने टपरीवरच मला मिठी मारली. संजीत पण हसला. 'माँ को दिखाइए जल्दी,' म्हणाला.

पळतच घरी आले. खैरापाड्याच्या वळणावर चप्पल तुटली, ती हातात घेऊन आले. दारातूनच ओरडले — आई, ये, बस इथे!

आई आधीच बसली होती. बाबाही. लॅपटॉप दोघांच्या मध्ये, उघडा. निळा पडदा नाही. एक हिरवं डोंगराचं चित्र, नवंकोरं. बाबा म्हणाले, 'दुकानातून करून आणलं. तुझं ते मशीनबी टाकून दिलंय त्यानं. उद्या देऊन टाक कॉलेजात.'

आई म्हणाली, 'लाव गं. चालू झालं बघ.'

मी सगळीकडे शोधलं. फोटो — रिकामं. व्हिडिओ — रिकामं. सगळं कोरं. कोपऱ्यात फक्त माझं ते खोटं मशीन, लिनक्सवालं.

मी काय काय बोलले ते आता सगळं आठवतही नाही. किंचाळत होते. 'पुसून आणलात तुम्ही त्याला! मला एक फोन केला असता! किल्ली होती माझ्याकडे, ही बघा, ही!' मोबाइल त्यांच्या तोंडासमोर नाचवला. 'अडाणी ते अडाणीच राहिलात! तुम्हाला काय, तुम्ही कधी बघितलंतच नाही त्याला!' आईला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती ओरडली नाही. बाबांच्या छातीवर मुठी मारत राहिली, हळू हळू, आणि त्यांनी मारू दिलं.

मी ओरडून थांबल्यावर बाबा एवढंच म्हणाले, 'मला काय म्हाईत. मला वाटलं बिघडलंय.'

बिघडलंय असं मीच सांगितलं होतं ना. खोटं मी बोलले, पुसलं त्यांनी. पण माणूस विचारतो! दुकानात ठेवायच्या आधी एकदा विचारतो! मी त्यांना कधी माफ करणार नाही. हे इथे लिहून ठेवते.

२७ सप्टेंबर

सबमिशन झालं. सरांनी मशीन चालवून बघितलं. 'गुड,' म्हणाले.

२८ सप्टेंबर, रविवार

जेवणं झाली. आईने भांडी घासायला घेतली, घासलेलीच पुन्हा घासली. बाबा आज बाहेर गेले नाहीत. बाहेर जायला कारणच नाही आता. भिंतीकडे तोंड करून पडले होते. आई त्यांचं ताट वाढते पण बोलत नाही. मीही नाही.

संजीतचा मेसेज आला — 'माँ ने देखा?'

३० सप्टेंबर

त्या दुकानात जाऊन आले. किल्ली आहे तर काही परत निघतं का विचारायला. नाही निघत. मग मी भांडायलाच उठले — एखाद्याचं सगळं पुसण्याआधी विचारायची रीत नाही का तुमच्याकडे?

दुकानदार म्हणाला, 'ताई, दोनदा विचारलं तुमच्या बाबांना. बोललो, काका, याला कुलूप हाय, किल्ली नाय तर आतलं सगळं जाईल. ते बोलले, फोटोपण? मी बोललो, फोटो, व्हिडिओ, काय पण नाय राहायचं. तर उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. लई वेळ. मला वाटलं, गेले. मंग आत आले नि बोलले, करा. उद्या पोरीचं कॉलेजात द्यायचंय, तिच्या हातून हे व्हायचं नाय.'

मी जायला निघाले तेव्हा त्याने पुन्हा हाक मारली. 'ताई, मी सांगितलं असं सांगू नका हां त्यांना. जाताना बोलून गेले होते — पोरगी आली तर म्हणा, बापाला काय कळलंच नाय.'

बाबा दुसऱ्या पाळीला गेलेत. आई अजून त्यांच्याशी बोलत नाही. मला तिला सांगायचंय, आणि सांगता येत नाही.